इलेक्ट्रॉनिकी उद्योगाचे मायदेशीकरण

इलेक्ट्रॉनिकी उद्योगाचे मायदेशीकरण : आयात होणाऱ्या अथवा परदेशी स्थलांतरित झालेल्या इलेक्ट्रॉनीय वस्तूंची निर्मिती स्वदेशात प्रस्थापित करण्याची प्रक्रिया. सुटे भाग आयात करून केलेली जुळणी आणि त्या भागांचीच निर्मिती यांतील भेद येथे निर्णायक ठरतो.

महाराष्ट्रात या प्रयत्नांचा आरंभ संशोधनसंस्थांतून झाला. तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टीची (१९५६) नियंत्रणव्यवस्था भारतीय अभियंत्यांनी तयार केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ च्या चीन युद्धात संदेशवहन-साधनांची उणीव जाणवल्यावर होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ मध्ये समिती नेमण्यात आली. तुर्भे येथील कार्यातूनच १९६७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. मात्र तिचे कारखाने हैदराबादला उभे राहिले.

मुंबईत अंधेरी येथे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘सीप्झ’ या निर्यात क्षेत्राचे धोरण निराळे होते. तेथील कारखाने शुल्कमुक्त सुटे भाग आणून तयार माल निर्यात करीत. त्यामुळे रोजगार व परकीय चलन मिळाले; पण देशांतर्गत घटक-उद्योगाशी त्यांचा संबंध तोकडाच राहिला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, तेव्हाही आयात संचांच्या जुळणीवरच बराच भर होता. पुढे औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) परिसरात दूरचित्रवाणी संचांचे उत्पादन वाढले.

१९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला. त्यानुसार संगणक, अर्धसंवाहक इत्यादींवरील आयातशुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने रद्द झाले. तयार वस्तू स्वस्त झाल्या. लहान भारतीय उत्पादकांना मात्र पूर्व आशियातील प्रचंड कारखान्यांशी संरक्षणाविना स्पर्धा करावी लागली.

करोना महासाथीत (२०२०) पुरवठासाखळी खंडित झाल्याने अनेक राष्ट्रांनी धोरण बदलले. अमेरिकेने २०२२ मध्ये अर्धसंवाहक-निर्मितीसाठी कायदा केला. भारताने २०२० मध्ये भ्रमणध्वनींसाठी उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना आणि २०२५ मध्ये सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे इलेक्ट्रॉनिकी उत्पादन संकुलास २०२२ मध्ये मान्यता मिळाली. भ्रमणध्वनींच्या जुळणीत मात्र उत्तर प्रदेश व तमिळनाडू ही राज्ये पुढे गेली.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी बंदरातून लोहखनिज परदेशी गेले, तेव्हा त्यापासून लोखंड-पोलाद करण्याचा लाभ परक्या कारखान्यांकडे गेला. इलेक्ट्रॉनिकीत दिशा उलट असली, तरी न्याय तोच आहे : परदेशातून आलेल्या भागांची केवळ जुळणी केल्यास मूल्याचा मोठा वाटा बाहेरच राहतो. कारखाना देशात येणे ही मायदेशीकरणाची पहिली पायरी होय. अभिकल्प, घटक व यंत्रसामग्री यांवर प्रभुत्व मिळाल्यावाचून ते पूर्ण होत नाही.