माथेरान : कोण चाललं, कुणासाठी चाललं?

माथेरान पाहायचं तर पायी, हे सगळेच सांगतात. दुसरा इलाजही नसतो. मोटार दस्तुरी नाक्यापर्यंत येते आणि थांबते. तिथून पुढे गाव सुरू होतं ते लाल मातीचं, झाडांच्या सावलीचं. पण या पायी चालण्यात एक गंमत आहे. चालता चालता माथेरानचा एक इतिहास पायांखाली येतो, जो पॉइंटांच्या पाट्यांवर लिहिलेला नाही. हा डोंगर कोणी पाहिला, हे आपल्याला ठाऊक असतं. तो कोणाच्या पायांनी चढला गेला, हे मात्र आपण फारसं विचारत नाही. आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

जानेवारी २०२५मध्ये मी एका दिवसासाठी एकटीच माथेरानला गेले. सकाळच्या लोकलने नेरळ, तिथून टॅक्सीने दस्तुरी. नगर परिषदेचा कर भरून आत शिरले, तर समोर घोडेवाले, हमाल आणि हातरिक्षावाले उभे. माणसाने माणसाला ओढायची ही रिक्षा. चढावर एक जण पुढून ओढतो आणि दोघं मागून ढकलतात. एक वयस्क गृहस्थ पुढे आले. म्हणाले, "ताई, रिक्षा? एकट्याच आहात, लांब पडेल." मी म्हटलं, "नको दादा, चालत जाते." ते हसले आणि म्हणाले, "चाला चाला. आम्हीही चालतोच की." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर राहिलं.

दस्तुरीजवळच अमन लॉज स्थानक आहे. तिथून रुळांच्या कडेकडेने चालत गेलं, की गाव येतं. हे रूळ म्हणजे जेमतेम दोन फूट रुंदीची खेळण्यातली गाडी. पण त्यामागचं धाडस खेळण्यातलं नव्हतं. मुंबईचे बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचं घराणं लष्कराला तंबू आणि इतर माल पुरवून मोठं झालेलं. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही रेल्वे मनावर घेतली आणि वडिलांनी पैसा पुरवला. १९०४ साली काम सुरू झालं, १९०७च्या मार्चमध्ये गाडी धावू लागली. खर्च आला सुमारे सोळा लाख रुपये. नेरळ ते माथेरान साधारण एकवीस किलोमीटर, चढ काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट, आणि वळणं अशी की आपल्याच गाडीचा शेवटचा डबा खिडकीतून दिसावा. जर्मनीहून आलेली छोटी इंजिनं त्या वळणांसाठी खास बनवून घेतली होती. एका देशी व्यापारी कुटुंबाने स्वतःच्या हिमतीवर घाटात रेल्वे बांधली, ही गोष्ट अजूनही पुरेशी सांगितली जात नाही.

२००५च्या जुलैतल्या महापुराने हा मार्ग उद्ध्वस्त केला. २००७मध्ये तो पुन्हा सुरू झाला. २०१९च्या पावसात परत रूळ वाहून गेले आणि नेरळपासूनची गाडी २०२२च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा धावली. डोंगर आपली जागा अशी अधूनमधून परत मागतो. प्रत्येक वेळी ती वाट दुरुस्त करणारे हात मात्र बातमीत नसतात.

आता थोडं मागे जाऊ. पुस्तकात असं असतं, की माथेरानचा 'शोध' १८५० साली ह्यू पॉइन्ट्झ मालेट यांनी लावला. ते ठाण्याचे कलेक्टर. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. मे महिन्यात त्यांचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. तिथून ते डोंगर चढले, ते आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने, आणि उतरले रामबागेच्या बाजूने. हवा आवडली. त्याच वर्षी ते पुन्हा आले, पुढे घर बांधलं. सगळं खरं. पण एका गोष्टीचा विचार करा. मालेटसाहेबांनी या डोंगराला नाव दिलं नाही. नाव आधीपासून होतं. माथ्यावरचं रान ते माथेरान, अशी त्याची सरळ फोड करतात. कोणी मातेचं रान असंही म्हणतात. नाव होतं, म्हणजे हाक मारणारी माणसं होती. पायथ्याच्या वाड्यांतले ठाकूर, कातकरी, धनगर लाकूडफाट्यासाठी, मधासाठी, गुरांसाठी या रानात येत-जात होते. ज्यांच्या रोजच्या पायवाटा होत्या त्यांनी कधी 'शोध' लावल्याचा दावा केला नाही. त्यांना इथे काही सापडायचंच नव्हतं. हे त्यांचंच होतं.

मालेटच्या पाठोपाठ मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, १८५५च्या सुमारास. नेरळकडून रस्ता काढला गेला, बंगल्यांच्या जागा आखल्या गेल्या. १८५६ साली रेल्वे कल्याणहून नेरळमार्गे पळसदरीपर्यंत गेली आणि मुंबईकर साहेबाला डोंगराच्या पायथ्याशी उतरणं सोपं झालं. पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत? पुढची पन्नास वर्षं, म्हणजे पीरभॉयांची गाडी येईपर्यंत, माणसं वर आली ती तट्टांवर, पालखीत, नाहीतर स्वतःच्या पायांनी. आणि पालखी काही आपोआप चालत नाही. मडमेच्या हवापालटाचं ओझं कोणाच्या तरी खांद्यावर होतं. बंगल्याचं पलंग-कपाट, पियानो असेल तर पियानो, असंच वर आलं असणार.

बाजारपेठ ओलांडून मी दक्षिणेकडे चालत राहिले. अंजनी, जांभूळ, हिरडा यांची दाट सावली. दुपार झाली तरी ऊन टोचत नाही. वाटेत पाट्या येत राहतात : अलेक्झांडर, लुइसा, गार्बट, हार्ट, शार्लट. तीस-पस्तीस पॉइंट, त्यातले बहुतेक साहेबी नावांचे. मधूनच चौक पॉइंट, रामबाग, माळडुंगा अशी आपली नावं डोकावतात. पिसरनाथाचं देऊळ शार्लट तलावाच्या काठी आहे. ग्रामदैवत देशी आणि तलाव विलायती, दोघं शेजारी शेजारी सुखाने नांदतात. ही नावं बदला असं मी म्हणणार नाही. नाव हाही इतिहासच असतो. फक्त पाटी वाचताना एवढं ध्यानात असावं, की ती नावं पाहायला आलेल्यांची आहेत, राहणाऱ्यांची नाहीत.

वन ट्री हिलच्या टोकावर पोचले तेव्हा समोर इर्शाळगडाचा सुळका होता आणि खाली मोरबे धरणाचं पाणी. सुंदर दृश्य. पण त्याच इर्शाळगडाच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. मदतीला गेलेल्यांना रात्री पावसात, चिखलात पायीच वर चढावं लागलं, कारण वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. माथेरानला रस्ता नसणं ही आपल्याला मौज वाटते. समोरच्या डोंगरावर तेच रस्ता नसणं काय असतं, ते त्या टोकावर उभं राहिलं की कळतं. पॉइंटवरून दिसतं ते नुसतं दृश्य नसतं.

आणि याच माथेरानात, १ डिसेंबर १९१२ रोजी, एक मुलगा जन्माला आला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. घर नाभिकाचं, परिस्थिती बेताची. हवा खायला येणाऱ्यांच्या गावात, त्यांची सेवा करणाऱ्यांच्या वस्तीत हा मुलगा वाढला. शिकला, वकील झाला. वकिली करून मुंबईत स्थिरावता आलं असतं. पण भाई कोतवाल उलट दिशेने चालले. डोंगर उतरून खालच्या गावांत आणि वाड्यांत गेले. सावकाराच्या पाशात जमिनी घालवून बसलेल्या शेतकऱ्यांची आणि आदिवासींची बाजू त्यांनी घेतली, मुलांसाठी शाळा काढल्या, टंचाईच्या दिवसांत गरिबांना धान्य मिळावं म्हणून धान्यकोठ्या उभ्या केल्या. १९४१ साली ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. ज्या गावाचा कारभार साहेबांच्या सोयीसाठी आखला गेला, त्या गावच्या नाभिकाचा मुलगा त्याच कारभारात बसला. एवढं एकच पाऊल केवढं मोठं होतं, हे आज लक्षात यायला थोडं थांबावं लागतं.

मग १९४२ आलं. भाई भूमिगत झाले आणि त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडायचे, कारखाने थांबवायचे, सरकारचं युद्धाचं यंत्र अडवायचं, असा त्यांचा बेत होता. कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत ते त्यांनी करून दाखवलं. हे कशाच्या बळावर? हत्यारं थोडी होती, पैसा नव्हता. बळ होतं ते वाटांचं आणि त्या वाटांवरच्या माणसांचं. कुठल्या घळीतून रात्री उतरायचं, कुठल्या वाडीत भाकरी मिळेल, कोण तोंड उघडणार नाही, हे ज्ञान कुठल्या नकाशात नव्हतं. ज्या पायवाटांकडे मालेटपासून सगळ्यांनी केवळ हवेशीर सहलीच्या वाटा म्हणून पाहिलं, त्याच वाटा स्वातंत्र्याच्या कामी आल्या.

शेवटी फितुरी झाली. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. भाई कोतवाल आणि मानिवलीचे तरुण हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. भाईंना तीस वर्षं पुरी होऊन महिनाच लोटला होता. दरवर्षी २ जानेवारीला पहाटेच्या थंडीत लोक सिद्धगडला जमतात, अंधारात चालत जातात. माथेरानला दरवर्षी लाखो पावलं उमटतात. त्यांतल्या कितींना ठाऊक असतं, की हे त्यांचं गाव?

उतरत्या उन्हात मी एको पॉइंट, लुइसा पॉइंट करून बाजारात परतले. दुकानं चिक्कीची, मधाची आणि चपलांची. चालण्याच्या गावात चपला विकल्या जाव्यात हे ठीकच आहे. समोरून एक हातरिक्षा चढावर येत होती. आत बसलेल्या आजीबाई संकोचल्यासारख्या दिसत होत्या. त्यांचे गुडघे दुखत असणार. त्यांचाही दोष नव्हता. ओढणाऱ्याच्या पायांत साध्या रबरी चपला होत्या.

माझ्या फेरीनंतर काही महिन्यांनी, ६ ऑगस्ट २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर निकाल दिला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सांगितलं, की स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षं होत आली असताना माणसाने माणसाला ओढण्याची पद्धत चालू ठेवणं मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करून त्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश राज्य सरकारला झाला. परवानाधारक रिक्षाचालक होते चौऱ्याण्णव. ध्यानात घ्या, ही मागणी कुण्या बाहेरच्याने लादलेली नव्हती. ई-रिक्षा मिळावी म्हणून हे रिक्षाचालक स्वतःच वर्षानुवर्षं झगडत होते. २०२२च्या डिसेंबरात चाचणी म्हणून काही ई-रिक्षा आल्या, तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची केवढी सोय झाली, हे गावकरी सांगतात.

याला दुसरी बाजूही आहे. घोड्यांवर पोट असलेल्यांना ई-रिक्षा म्हणजे घरावर आलेलं संकट वाटलं. निसर्गप्रेमींना भीती वाटली, की आज ई-रिक्षा, उद्या मोटारी. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला तो हीच शांतता, हीच लाल माती जपण्यासाठी. ही भीती खोटी नाही. मोटार आत आली तर माथेरान संपेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गावाची शांतता राखायची आणि तिची किंमत मात्र चौऱ्याण्णव माणसांच्या छातीच्या भात्याने चुकती करायची, हा व्यवहार न्यायाचा नाही. रान जपायचं तर ते जपणाऱ्या माणसांसकट जपलं पाहिजे. घोडेवाल्याच्या पोटाचा विचार त्यातच येतो.

तेव्हा माथेरानला जरूर जा. पाय धडधाकट असतील तर चालत फिरा. सामान थोडं न्या. हमालाला द्याल ते पैसे घासाघीस न करता द्या. वन ट्री हिलवरून इर्शाळगडाकडे पाहताना घटकाभर गप्प राहा. आणि पोरांना पॉइंटांची नावं सांगताना एक नाव आपलं म्हणून जोडा, भाई कोतवालांचं. त्यांच्या नावाने डोंगराचं एकही टोक ओळखलं गेलं नाही तरी बिघडत नाही. ते टोकावर उभे राहून दृश्य पाहणाऱ्यांतले नव्हते. ते खाली उतरून माणसांपर्यंत चालत गेले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)