आखाड्यातील हाडवैद्य

बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे नाव निघाले की जोर, बैठका, मल्लखांब आणि लाठी आठवणारे वाचक आमच्या मंडळात अजूनही आहेत. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात मात्र त्या स्थानाची आणखी एक ओळख येत असे. सांधा निखळला, मनगट लचकले, कंबरेत उसण भरली, तर दवाखान्याआधी तिकडे जावयाचे. जुम्मादादांचे शिष्य माणिकराव यांना बडोदे संस्थानाने ‘राजरत्न’ ही पदवी दिली, ती व्यायामाच्या प्रसारासाठी. पण सामान्य प्रपंची माणसाच्या लेखी ते हाडे बसविणारे माणिकराव होते. 1954 साली ते निवर्तले.

व्यायामशिक्षक आणि हाडवैद्य ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे का असावीत, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा उभी केली. पुढे ती शिष्यपरंपरेने काशीपर्यंत आणि मराठी संस्थानांतून पसरली. जेथे मल्लखांब आणि कुस्तीचा हौदा, तेथे पडणे-झडणे आलेच. खांद्यातून निखळलेला हात तासाभरात जागी बसविला तर सोपे असते. सूज चढली आणि स्नायू आखडले की तेच काम दुरापास्त होते. तालमीच्या उस्तादाला ही घाई अनुभवाने ठाऊक होती. रोज शेकडो अंगे हाताखालून गेल्यामुळे निरोगी सांध्याची घडण त्याच्या बोटांना पाठ असे, आणि म्हणून बिघडलेली जागा त्याला चटकन कळे.

या विद्येला शास्त्राचा आधार नव्हता असेही नाही. सुश्रुतसंहितेत भग्नांचे दोन मोठे वर्ग केलेले आहेत: सांधा सुटण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा. ओढणे, दाबणे, जागी बसविणे आणि बांधणे हा उपचाराचा क्रम. कामट्यांसाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू सांगितला आहे. पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडावी, आणि ती फार सैल नको व फार घट्टही नको, असा स्पष्ट इशारा आहे. सैल पट्टीने सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट पट्टीने सूज, वेदना व पाक होतो, हे कारणही तेथेच दिले आहे. वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून सरळ बसविण्याचे धाडसही त्यात आहे. आम्हांस सर्वांत आवडला तो हाताचा भाग. दुखापत बरी होऊ लागली की रोग्याने प्रथम मातीचा गोळा मुठीत धरावा, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड. आजचा फिजिओथेरपिस्ट हातात रबरी चेंडू देतो तेव्हा तो याहून फार वेगळे काही सांगत नाही.

या ग्रंथातले किती आखाड्यापर्यंत पोहोचले? आमच्या मते थेट थोडेच. जे पोहोचले ते हातातून हातात. आंबेहळद, तुरटी आणि रक्तबोळ्याचा लेप, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचे पान गरम करून बांधणे, तापविलेल्या विटेचा शेक, हे तर घरोघरचेच. त्याच्या जोडीला श्रद्धेचा भागही होता. पायाळू माणसाने कंबरेला लाथ लावली की उसण पळते, या समजुतीपायी आमच्या आळीतील एका पायाळू काकूंना सकाळपासून बोलावणी येत. उसण दोन-चार दिवसांत आपोआप उतरते. श्रेय काकूंना मिळे. हाडवैद्यांच्या कीर्तीतही असा काही अंश असणार, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. साधी लचक आणि जागेवरून न हललेले मोडके हाड, दोन्ही बहुधा निसर्गच बरे करतो.

परंतु जे निसर्गाच्या हाती नव्हते, तेथे काय झाले? येथे आमच्या पिढीतील लेखन गप्प बसते. आमचे एक मामा नऊ-दहा वर्षांचे असताना पडले आणि त्यांचे कोपर दुखावले. ज्या वृद्ध उस्तादांकडे नेले त्यांनी प्रेमाने, एक पैसा न घेता, रोज तेल लावून कोपर चोळले आणि ओढून सरळ करण्याचा यत्न केला. महिन्याभरात हात तसाच आखडला आणि जन्मभर कोनात राहिला. मामा त्या हाताने टोपी नीट घालू शकत नसत. तरी उस्तादांना त्यांनी कधी दोष दिला नाही. दुखावलेले कोपर जोराने चोळले असता स्नायूमध्येच हाड तयार होऊ लागते, हे अस्थिशल्यविशारद आज एकमुखाने सांगतात. त्याहून भयंकर प्रकार कामट्यांचा. सुजलेल्या हातावर त्या करकचून बांधल्या की रक्त तुटते, स्नायू मरतात, बोटे आत वळून पंजासारखी होतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 मध्ये याचे वर्णन केले. कधी सारा हातच काढावा लागतो. सुश्रुताचा ‘फार घट्ट नको’ हा इशारा नेमका वाटेत गळून पडला होता.

म्हणून सारे पारडे डॉक्टरांकडे झुकवावे काय? तेही आम्हांस पटत नाही. प्लास्टरची पट्टी डच सैन्यातील वैद्य माथायसन यांनी 1851-52 च्या सुमारास प्रचारात आणली, रंटगेन यांना 1895 मध्ये क्ष-किरण सापडले, आणि मोडलेले हाड प्रथमच डोळ्यांनी पाहता आले. या दोन गोष्टींपुढे बोटांची जाण कितीही सूक्ष्म असली तरी अपुरी. पण इंग्लंडमध्ये आधुनिक अस्थिचिकित्सेचा पाया घालणाऱ्यांत गणले जाणारे ह्यू ओवेन टॉमस हे पिढीजात हाडवैद्यांच्या घरातलेच होते. त्यांचे वडील लिव्हरपूलमध्ये हाडे बसवीत. मुलाने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि त्याने केलेला आधार मोडलेल्या मांडीसाठी आजही टॉमसच्या नावाने वापरला जातो. आपल्याकडे आखाडा आणि इस्पितळ यांच्यात असा पूल बांधला गेला नाही. डॉक्टरांनी उस्तादाला अडाणी म्हटले, उस्तादाने डॉक्टरला कापाकापी करणारा म्हटले, आणि रोगी दोघांच्या मध्ये राहिला. हैदराबादकडील वाचकांना आंध्रातील पुत्तूरच्या प्रसिद्ध हाडवैद्यांच्या संदर्भात हा वाद परिचित असेल.

कंबरदुखीच्या बाबतीत तर इस्पितळालाही आपले मत बदलावे लागले. आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला एके काळी सर्रास दिला जाई. 1986 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साध्या कंबरदुखीसाठी दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच उपयोगी ठरली, आणि आता तर शक्य तितके हिंडते-फिरते राहावे असेच सांगितले जाते. ‘अंग हलते ठेवा’ हे उस्ताद फार आधीपासून म्हणत होते. कोपराला तेच लावले, तेथे चुकले.

बडोद्यातच दत्तात्रेय चिंतामण मजुमदार यांनी 1936 पासून दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला, म्हणून आखाड्याची विद्या कागदावर तरी उरली. उपचारांची तशी नोंद घरोघरच्या वह्यांत विखुरली आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील ज्या कुटुंबांत तालमीच्या जुन्या वह्या, लेपांची टिपणे किंवा आलेल्या रोग्यांच्या याद्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न देता मंडळाकडे प्रत पाठवावी अशी विनंती आहे. बरे झालेल्यांच्या हकीकती पुष्कळ येतील. आखडलेल्या हातांच्याही लिहून पाठवाव्यात.