लाल हापसा, हिरवा हापसा

गावात हापसा आला की पाण्याचा प्रश्न सुटला, असे आपण किती सहज म्हणतो! बांगलादेशातही 1970 नंतर असेच म्हटले गेले. तळ्या-डबक्यांच्या पाण्यातून पटकी आणि हगवण पसरे, मुले दगावत. म्हणून सरकारने व युनिसेफने कूपनलिकांवरील हापशांचा प्रसार केला. गाळाच्या मऊ जमिनीत ते स्वस्तात बसत. पुढे लोकांनी स्वतःच्याच पैशाने अंगणाअंगणांत बसवले. पाणी नितळ होते. त्यातले आर्सेनिक मात्र कोणी पाहिले नव्हते, कारण नेहमीच्या तपासणीत तेव्हा ते नसेच.

आर्सेनिक म्हणजे सोमलातले मूलद्रव्य. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळात ते लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले असते. ऑक्सिजन नसलेल्या थरांत जीवाणूंमुळे ही ऑक्साइडे विरघळतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. त्याला रंग, वास, चव काहीच नाही. उकळूनही ते जात नाही. तळहात-तळपायांवर कठीण गाठी यायला कित्येक वर्षे लागतात. पुढे कर्करोगही होतो. पश्चिम बंगालमधील रुग्णांत हा आजार 1983 साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी ओळखला. बांगलादेशच्या पाण्यात आर्सेनिक आढळले ते 1993 मध्ये. गाळ एकच, पण सीमा ओलांडायला दहा वर्षे लागली!

मग 2003 पर्यंतच्या मोहिमेत सुमारे 50 लाख हापशांचे पाणी जागेवरच तपासले गेले. पद्धत आपल्या रसायनशास्त्रातलीच आहे. पाण्यात जस्ताची पूड आणि आम्ल घातले की आर्सेनिकचा आर्साइन वायू होतो व बाटलीच्या तोंडावरील मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग उमटतो. (हा वायू अतिविषारी आहे, वर्गात करून पाहण्याचा हा प्रयोग नव्हे.) लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक असेल तर हापसा लाल रंगवायचा, नाहीतर हिरवा. सुमारे 14 लाख हापसे लाल झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 पासून 10 मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, तेव्हा हिरवा रंगही पुरता निर्धोक नव्हता.

लाल हापशाला कुलूप नव्हते. त्याचे पाणी धुण्या-भांड्यांना चाले; प्यायचे की नाही ते घरानेच ठरवायचे. सुदैवाने आर्सेनिक सगळीकडे सारखे नसते, एकाच वाडीत लाल हापशापासून हाकेच्या अंतरावर हिरवा सापडे. पाणी बदलणाऱ्यांपैकी बहुतेक कुटुंबे शेजारच्या हिरव्या हापशावरच जाऊ लागली. पण रोज दुसऱ्याच्या अंगणात कळशी घेऊन जाणे सोपे नाही, आणि ती कळशी बायका-मुलींच्याच कमरेवर असते. पुष्कळांनी लाल पाणीच चालू ठेवले.

काही वर्षांत रंग उडाले. नवे हापसे तर बसतच होते, पण देशभर पुन्हा तशी तपासणी बरीच वर्षे झाली नाही. नव्या हापशाचे पाणी तपासून घ्यायचे की नाही, हे बसवणाऱ्याच्या मर्जीवर राहिले.