स्क्रू ड्रायव्हर व नट ड्रायव्हर

स्क्रू व नट पिळून बसविण्याची किंवा काढण्याची हातहत्यारे. स्क्रू ड्रायव्हरला मराठीत पेचकस असेही म्हणतात. मूठ, पोलादी दांडा व टोक हे त्याचे मुख्य भाग. मूठ जाड असली, की कमी जोरात जास्त पीळ बसतो. दांड्यासाठी बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलाद वापरतात.

प्रकार : सरळ खाचेसाठीचे चपटे टोक सर्वांत जुने. कॅनडातील पी. एल. रॉबर्टसन यांनी चौकोनी खाच, तर अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांनी १९३६ च्या सुमारास फुलीची खाच प्रचारात आणली. आपल्याकडचे कारागीर फुलीच्या टोकाला ‘स्टार’ म्हणतात. जपानी मानकाची (जेआयएस) फुली तशीच दिसते, पण तिच्यात फिलिप्सचे टोक नीट बसत नाही. ते निसटून खाच झिजते. अनेक जेआयएस स्क्रूंच्या माथ्यावर ओळखीचा बारीक ठिपका असतो. नट ड्रायव्हरच्या टोकाला षट्कोनी खोबण असते. दांडा पोकळ असल्यास नटाबाहेर आलेला बोल्ट त्यात शिरतो.

संग्रह : फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्स कंपनीचे ‘यांकी’ स्क्रू ड्रायव्हर संग्राहकांना प्रिय आहेत. मूठ दाबताच दांड्यावरील मळसूत्री खाचांमुळे टोक फिरते. जुन्या हत्याराचा गंज काढावा. मात्र टोक घासू नये, मूळ आकार जातो.