सिंहगडाच्या वाटेवरची गाठोडी

पेशवाईचा इतिहास वाचताना आपले लक्ष लढाईच्या दिवसाकडे जाते. त्याआधी घराघरांतून जी बांधाबांध झाली तिच्याकडे ते क्वचितच वळते. वास्तविक घर सोडण्याची वेळ आली असता माणसे काय उचलतात, कशात बांधतात आणि काय मागे टाकतात, यावरून त्या समाजाची जेवढी ओळख पटते तेवढी तहाच्या कलमांवरून पटत नाही, असे आम्हांस वाटते. मराठ्यांच्या बाबतीत तर या बांधाबांधीचा संबंध खुद्द इतिहासलेखनाशीच येऊन पोचतो. १७६३ सालच्या पुण्याची हकीकत त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

पानिपतला दोन वर्षे उलटली होती. माधवराव अवघे अठरा वर्षांचे, राघोबादादांशी झालेला झगडा नुकता कुठे मिटल्यासारखा झालेला, आणि दुखावलेले सरदार निजामाला मिळालेले. निजाम अली आणि नागपूरकर जानोजी भोसले यांच्या फौजा पुण्यावर चालून आल्या तेव्हा पेशव्यांचे मुख्य सैन्य निजामाच्या मुलुखात शिरलेले होते. शहर राखण्याजोगा तट पुण्याला नव्हता. लोकांनी नेता येईल तेवढे घेतले आणि कोणी डोंगरी किल्ल्यांवर, कोणी घाट उतरून कोकणात गेले, असे ग्रँट डफ सांगतो. गोपिकाबाई आणि नारायणराव सिंहगडाकडे निघाले. सरकारी कागदपत्रेही त्याच वाटेने रवाना झाली.

'नेता येईल तेवढे' हे डफने ओझरते सांगितले असले, तरी सारा संसार त्यात तोलला गेला आहे. तांब्यापितळेची भांडी एकात एक बसवली तरी ओझे ते ओझेच. ती विहिरीत सोडावीत किंवा परसात पुरावीत हा आपल्याकडचा जुना रिवाज. धान्य पेवात असे. पेवाचे तोंड लिंपून वर माती पसरली की ते डोळ्यांआड होई. (लुटारूंनाही पेवे हुडकण्याची विद्या अवगत होती, ही गोष्ट वेगळी.) बाकी राहिली ती बायकांची किडुकमिडुक, चार लुगडी, देव आणि कागद. देव संपुष्टात जात. संपुष्ट लहान, झाकणाचे, काखोटीला मारता येण्याजोगे. घराचे जे पिढ्यान् पिढ्या टिकवायचे ते आकाराने लहान ठेवण्याची समज त्या भांड्याच्या घडणीतच आहे.

कागदांची निरवानिरव मात्र निराळी. ज्या घरी वतन वा इनाम होते तेथे सनद हीच शेतीवाडीची जामीन. भांडे गेले तर दुसरे घडवता येते. सनद हरवली तर हक्क सिद्ध कसा करावा? ही भीती पोकळ नव्हती. पुढे इंग्रजी अमलात, १८५२च्या कायद्यानंतर, इनाम कमिशनने घरोघरचे पुरावे मागितले आणि ज्यांना ते समाधानकारक देता आले नाहीत अशा कितीतरी घरांची इनामे गेली. तेव्हा पळापळीच्या वेळी कागदांचे गाठोडे दागिन्यांच्या बरोबरीने उचलले जाई, यात नवल नाही.

हे गाठोडे म्हणजे रुमाल. आज हा शब्द खिशात मावण्याएवढा आक्रसला आहे. दप्तरखान्यातला रुमाल हा जाडाभरड्या कापडाचा ऐसपैस चौकोन. एका विषयाचे कागद एकत्र करून सुतळीने त्यांचे पुडके बांधायचे, अशी पुडकी रुमालाच्या मध्यावर ठेवायची आणि समोरासमोरच्या टोकांच्या दोन गाठी आवळायच्या. पेटाऱ्यात जागा रिकामी राहिली तर आतला जिन्नस हलतो, घासतो, झिजतो. कापड आतल्या वस्तूचाच आकार घेते, त्यामुळे कागद जागचा हलत नाही. वारा खेळता राहिल्याने आत ओलही कोंडत नाही. शिवाय गाठोडे डोक्यावर जाते, बैलाच्या पाठीवर जाते, उतरवून दुसऱ्याच्या हाती देता येते. आमच्या मते प्रवासाला आणि फडताळाला सारखीच उपयोगी पडणारी याहून सोपी बांधणी शोधून सापडणार नाही. एक उणीव तिच्यात आहे. आगीपुढे तिचा इलाज नाही.

नेमके तेच घडले. वाटेवर मोगली फौजेच्या एका टोळीने गाठले, सिंहगडाजवळचे गाव पेटवून दिले आणि त्यात मराठ्यांच्या इतिहासाची हस्तलिखिते व लोकांची पुष्कळशी चीजवस्त भस्म झाली. इकडे पुण्यातही खंडणी भरून ज्यांनी घरे सोडवून घेतली नाहीत त्यांची घरे पाडली वा जाळली गेली. १० ऑगस्टला राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला; सूड पुरा उगवला गेला. जळालेले कागद त्याने परत येणार नव्हते. कागद मोलाचे म्हणून ते एकत्र केले, एकत्र केले म्हणून एकाच आगीत सापडले, असे म्हणणे कठोर वाटेल. पण बांधणाऱ्याच्या हुशारीला दोष न देताही ते म्हणता येते.

मग माधवरावांच्या कारकिर्दीविषयी आज आपल्याला इतके तपशीलवार कळते ते कसे? याचे श्रेय बऱ्याच अंशी मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांना जाते. १८९७ पासून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या मालेत छापली. सरदारांनी मोहिमेवरून घरी धाडलेली ही पत्रे घरच्या रुमालांत बांधलेली राहिली होती. आणि १७६३ साली पेशव्यांचे कागद सिंहगडाच्या वाटेवर जळत होते तेव्हा हेच गोपाळराव पटवर्धन, मिरज हातची गेल्याच्या रागाने, निजामाच्या बाजूला होते. त्या काळाची साक्ष द्यायला शेवटी रुसलेल्या सरदाराच्या घरचे दप्तर उरावे, ही गोष्ट कोणा कादंबरीकाराने लिहिली असती तर आपण ती ओढून आणलेली म्हटली असती.

पेशव्यांच्या दप्तरात त्यानंतर पुन्हा कागद साठले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड काढले. त्यांच्यापुढे जे येऊन पडत होते ते रुमालच होते, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात मराठी कागद अजूनही मोजले जातात ते रुमालांनीच.