आमिस्ताद स्मारक, न्यू हेवन

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात नगरभवनासमोर असलेले ब्राँझचे तीन बाजूंचे उत्थित शिल्प. उंची सुमारे १४ फूट. ‘आमिस्ताद’ जहाजावर १८३९ मध्ये आफ्रिकी बंदिवानांनी केलेल्या उठावाचे हे स्मारक केंटकीतील शिल्पकार एड हॅमिल्टन यांनी घडवले असून त्याचे अनावरण १९९२ मध्ये झाले. बंदिवानांना कोंडलेला तुरुंग याच जागी होता.

उठावाचा म्होरक्या सेंगबे पिए तिन्ही बाजूंवर दिसतो : मायदेशात, न्यायालयात आणि परतीच्या वाटेवर. माथ्यावर समुद्रात बुडणारा एक माणूस कोरला आहे. तो नगरभवनाच्या वरच्या मजल्यांवरूनच दिसतो. नामवंत वकिलांऐवजी सेंगबेला मध्यभागी आणले, हे सर्वस्वी उचित झाले.

सिएरा लिओन परिसरातून पळवलेल्या ५३ जणांना हवानात विकत घेऊन दोन स्पॅनिश मालक क्यूबातल्याच दुसऱ्या बंदराकडे नेत होते. त्यांत चार मुले होती. आफ्रिकेतून गुलाम आणण्यास स्पेनचीच बंदी असल्याने खोट्या कागदांवर त्यांना स्पॅनिश नावे दिलेली होती. जुलैच्या आरंभी एका रात्री सेंगबेने खिळ्याने बेडीचे कुलूप उघडले. जहाजावरचे ऊसतोडीचे कोयते घेऊन बंदिवानांनी कप्तान व आचारी यांना ठार केले आणि जहाज पूर्वेकडे, आफ्रिकेला न्यायला फर्मावले. मालक रात्री ते गुपचूप उत्तरेकडे वळवत. ऑगस्टअखेर लाँग आयलंडजवळ अमेरिकी नौदलाने ते पकडले.

त्यांची भाषा कोणालाच कळेना. येलमधील भाषातज्ज्ञ जोसाया गिब्स त्यांच्याकडून अंक शिकले आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर ते मोठ्याने म्हणत फिरले. ते ओळखणारा खलाशी जेम्स कोव्ही दुभाषा झाला, तेव्हा कुठे बंदिवानांची बाजू न्यायालयापुढे आली. लुइस टॅपन आदी गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी खटल्याचा खर्च उभारला. सर्वोच्च न्यायालयात रॉजर बाल्डविन व माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी युक्तिवाद केला.

९ मार्च १८४१ रोजी बंदिवान मुक्त ठरले. हयात असलेले ३५ जण नोव्हेंबरमध्ये आफ्रिकेकडे निघाले. मात्र हा विजय गुलामगिरीवरचा नव्हता. त्यांना बेकायदा पळवले होते, म्हणून ते सुटले. कप्तानाचा पोरगेला नोकर आंतोनियो कायद्याने गुलाम असल्याने खालच्या न्यायालयाने त्याला क्यूबाला परत धाडण्याचा हुकूम दिला होता. कार्यकर्त्यांनी त्याला गुपचूप कॅनडात पोहोचवले.