रघूजींची तलवार आणि पवनारची शिळा

परदेशांतील संग्रहालयांत आमच्या पूर्वजांच्या पुष्कळ वस्तू आहेत. त्या मायदेशी परत याव्यात की जेथे आहेत तेथेच राहाव्यात, हा वाद पूर्वी पंडितांच्या परिषदांपुरता होता. २०२५ साली मात्र तो आम्हां नागपूर प्रांतातील लोकांच्या थेट दाराशी आला.

त्या वर्षी २९ एप्रिल रोजी लंडनच्या सोदबीज या लिलावगृहात नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार विक्रीस निघाली. पाते युरोपीय घडणीचे, मूठ सोन्याच्या नक्षीची, आणि पात्यावर रघूजींचे नाव व ‘सेनासाहेबसुभा’ हा शाहू छत्रपतींनी दिलेला किताब देवनागरीत कोरलेला. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत पोहोचली. १७५५ मध्ये रघूजी वारले तेव्हा वर्धा शहर नव्हते. ते १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वसले. पण १८६२ पर्यंत आपला जिल्हा नागपूर जिल्ह्याचाच भाग होता. तेव्हा ही तलवार आपल्याही घरची आहे.

आनंद झाला तो योग्यच झाला. परंतु विकत घेणे आणि परत मिळवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याच वस्तूला आपण मोल का मोजले? कारण ती नागपूरहून लंडनला कशी गेली याचा निर्णायक कागद पुढे आलेला नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत गेली, की कोणा साहेबाला नजर केली गेली, हे सिद्ध करता येत नाही. आणि जे सिद्ध होत नाही त्यावर न्यायालयात हक्क सांगता येत नाही.

याच्या उलट प्रकारही आमच्याच इतिहासात आहे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढले, हत्ती-घोडे इकडेच विकले. वृद्ध बांकाबाईंनी विरोध केला, तो कोणी ऐकला नाही. येथे विक्रीचे कागद व्यवस्थित आहेत, पण न्याय नाही. तलवारीच्या बाबतीत कागदच नाही. म्हणून ‘सर्व काही परत द्या’ किंवा ‘काहीच देऊ नका’ अशी सरसकट उत्तरे आम्हांस पटत नाहीत. प्रत्येक वस्तू घरातून कशी बाहेर पडली, हे आधी पाहिले पाहिजे.

संग्रहालयांची बाजूही ऐकावी. ती म्हणतात, आम्ही वस्तू जपल्या, जगाला दाखवल्या, आणि कायदा आमचे हात बांधतो. ब्रिटिश म्युझियमला १९६३ चा कायदा आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला १९८३ चा कायदा संग्रहातील वस्तू सहसा देऊन टाकू देत नाही. म्हणूनच २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्यास वाघनखे आली ती तीन वर्षांच्या कराराने, उसनी आली. शिवाय ती शिवाजी महाराजांनी अफझलखानाविरुद्ध वापरलेलीच आहेत हे पडताळता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. हा प्रामाणिकपणा मान्य करावा. परंतु राखण केली म्हणून शेत राखणदाराचे होत नाही. जपल्याबद्दल आभार मानू. मालकीचा प्रश्न त्याने मिटत नाही.

पुरावा असला म्हणजे काय होते, हे तमिळनाडूतील पत्तूरच्या नटराजाने दाखवले. १९७६ मध्ये ही मूर्ती जमिनीतून निघाली, चोरून विकली गेली आणि लंडनला पोहोचली. ब्रिटिश म्युझियमकडे दुरुस्तीसाठी दिलेली असताना पोलिसांनी ती जप्त केली. मूर्ती जेथून निघाली त्या ठिकाणाशी तिचे नाते तज्ज्ञांनी जुळवून दाखवले. १९८८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने पडक्या मंदिराचा हक्क मान्य केला आणि १९९१ मध्ये नटराज भारतात आला. जिंकला तो जागेचा पुरावा.

आता धाम नदीच्या काठी, आपल्या पवनारला चला. विनोबा १९३८ मध्ये तेथे राहावयास गेले. आश्रमाची जमीन खणताना जुनी शिल्पे निघू लागली, त्यांत भरत-रामाच्या भेटीची शिळा निघाली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये गीतेवर बोलताना विनोबांनी हाच प्रसंग मनाशी रंगवला होता. त्यांनी शिळा तेथेच स्थापली. ती निघाली तेथेच राहिली, म्हणून महामहोपाध्याय वा. वि. मिराशींना तिच्या आधारे विचार करता आला: दुसऱ्या प्रवरसेनाची वाकाटक राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, आणि येथे रामाचे मंदिर असावे. काही अभ्यासक त्या शिल्पांतील प्रसंगांचा अर्थ निराळा लावतात. पण वादही त्याच मातीवर उभे राहून करता येतो. तीच शिळा एखाद्या दलालाने मुंबईच्या बंदरातून बाहेर काढली असती, तर ती आज कोठल्या तरी दालनात ‘मध्य भारत, पाचवे शतक’ एवढ्या चिठ्ठीखाली उभी असती. दगड वाचला असता, प्रवरपूर हरवले असते.

यातून आमचे मत असे बनले आहे. जेथे जबरदस्ती किंवा चोरी सिद्ध होते, तेथे वस्तू परत मागावी, आणि ती विनामूल्य व कायमची मागावी. जेथे सिद्ध होत नाही, तेथे विकत घेण्यात कमीपणा नाही. मात्र त्याला विजय म्हणू नये. आणि आलेली वस्तू शक्य तेवढी आपल्या मुलुखाजवळ ठेवावी. रघूजींच्या तलवारीचे घर आमच्या दृष्टीने नागपूरच.

पण मागण्याचा अधिकार सांभाळणाऱ्याला शोभतो. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडल्यास कलेक्टरला कळवावे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. आणि १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू परदेशी नेण्याचा हक्क कोणाही खाजगी माणसास नाही. नांगराला लागलेली मूर्ती परस्पर विकली जाते किंवा शेंदूर फासून ओळखू न येण्याजोगी होते, तेव्हा लंडनला दोष देता येणार नाही. ज्या दिवशी ती सापडली तो दिवस, तो शेताचा सर्व्हे नंबर आणि ती कोणत्या खोलीवर निघाली हे कागदावर उतरले, तर उद्या तिला जगाच्या कोणत्याही न्यायालयातून परत आणता येईल.